फराळाच्या डब्यासोबत एक पुडी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात खेळण्यांच्या दुकानात गेलं की दोन गोष्टी हटकून होतात. ठरवलेल्या पैशांच्या दुप्पट खर्च होतो, आणि घेतलेल्यातलं निम्मं भाऊबीजेच्या संध्याकाळपर्यंत मोडतं. आमच्याकडे भाऊबीजेला सगळी भावंडं जमतात. मुलं मोजली तर नऊ. धाकटं दोन वर्षांचं, थोरली बारा. नऊ जणांना नऊ खेळणी हा उद्योग मी चार वर्षांपूर्वी सोडला. आता फराळाचं वाणसामान लिहिताना यादीत चार जिन्नस जास्तीचे टाकते: मैदा, बारीक मीठ, खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व. गेल्या वर्षी नऊही पुड्या मिळून चारशे रुपयांच्या आत भागलं, आणि त्यातला मोठा वाटा साखरेचा होता.

पहिल्या वर्षी मात्र मी सपशेल चुकले होते. मिठाच्या कणकेच्या पणत्या, मोर, हत्ती असं काय काय रात्री जागून केलं, रंगवलं, वर चमकी लावली. मुलांनी हातात घेतलं, ‘छान आहे मामी’ म्हणाली आणि खाली ठेवलं. त्यांच्या आयांनी ते उचलून शोकेसमध्ये ठेवायला पिशवीत घातलं. तासाभराने स्वयंपाकघरात गेले तर पाच मुलं ओट्याखाली बसून उरलेल्या कणकेच्या गोळ्यावरून भांडत होती. तेव्हापासून मी पूर्ण झालेली वस्तू देत नाही. जिन्नस मोजून द्यायचे, एक नमुना द्यायचा, आणि कसं करायचं त्याची चिठ्ठी. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांतून आकृत्या जोडायला शिकवल्या. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या खेळण्यांतही गंमत आहे ती मुलांनी स्वतः जोडण्यात आणि मोडून पुन्हा जोडण्यात.

सासूबाईंना हे सगळं पटायला वेळ लागला. ‘अन्नाशी खेळू नये’ हे त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं नाही. म्हणून आमच्यात एक तह झाला. खेळायला जाईल ते पीठ शक्यतो खाण्यातून उतरलेलं हवं. पावसाळ्यात पोरकिडे झालेला मैदा, तारीख उलटलेलं कॉर्नफ्लोअर, वास उडालेली गेल्या वर्षीची हळद, सादळून ढेकळं झालेलं मीठ. दिवाळीची साफसफाई करताना हे डबे निघतातच. मैदा बारीक चाळणीतून दोनदा चाळून घ्यायचा. मात्र पिठाला बुरशीचा किंवा कुबट वास येत असेल तर ते सरळ फेकायचं, खेळायलाही नाही. ज्या पुड्या खायच्या, त्यांचं सामान ताजंच. एवढं ठरल्यावर सासूबाईंनी स्वतःच कपाटाच्या तळातून दोन डबे काढून दिले.

सगळ्यात सोपी भेट म्हणजे मळायचा रंगीत गोळा. दुकानात जो प्ले-डो नावाने मिळतो त्याचा जन्मच मुळी खेळण्यासाठी झालेला नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात घरं तापवायला कोळसा जाळत, त्याची काजळी भिंतीवरच्या कागदावर बसे, आणि ती टिपून काढायला पिठाचा असा गोळा विकत. पुढे घराघरांत गॅस आला, काजळी कमी झाली आणि गोळ्याचा खप बसला. एका बालवाडीच्या बाईंनी तो मुलांच्या हातात दिला. १९५६ साली तोच गोळा खेळणं म्हणून बाजारात आला. त्याचं मुख्य अंग काय, तर पीठ, पाणी आणि मीठ.

घरचं प्रमाण असं: एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एक मोठा चमचा तेल आणि एक वाटी पाणी. गॅस पेटवण्याआधी सगळं कढईत एकत्र करून गुठळ्या मोडायच्या. मग मंद आचेवर उकड काढतो तसं ढवळत राहायचं. आधी पातळ, मग चिकट लापशी, आणि तीनचार मिनिटांत एकदम गोळा होऊन कढई सोडतो. ज्यांना मोदकाची उकड जमते त्यांना हे सांगायला नको. ताटात काढून, हाताला सोसेल इतपत निवला की तेलाच्या हाताने मळायचा. हवाबंद डब्यात तो तीनेक आठवडे मऊ राहतो.

मिठात काटकसर करू नका. एकदा मी ‘मुलं तोंडात घालतील’ म्हणून मीठ निम्मं केलं आणि रंगासाठी बिटाचा रस सढळ घातला. चौथ्या दिवशी पुतणीने फोन करून विचारलं, गोळ्याला पांढरी लव का आलीये? बुरशी होती. गोळा टिकतो तो मिठावर. उलट खारटपणामुळेच मूल एकदा चाटून पुन्हा त्या वाटेला जात नाही. बिटाचा रंग आचेवर फिका, मातकट होतो, म्हणून दोन चमचे रस गोळा निवल्यावर मळताना घालावा. हळदीचा पिवळा झकास येतो पण हातांना दोन दिवस राहतो. शाळा सुरू व्हायला अवकाश आहे ना, मग चालेल. पालकाचा हिरवा लिंबामुळे शेवाळी होतो, मला तो आवडतो, मुलांना नाही. रांगोळीचे रंग यात कधीही मिसळू नका. ते तोंडात जाण्यासाठी केलेले नसतात.

आता मिठाची कणीक. ही न शिजवलेली, वाळून दगडासारखी होणारी. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, आणि पाऊण ते एक वाटी पाणी लागेल तसं. पुरीच्या कणकेइतकी घट्ट हवी आणि दहा मिनिटं चांगली रगडायला हवी, नाहीतर वाळताना भेगा जातात. दिवाळीत हिचा खरा उपयोग किल्ल्यासाठी. विकतचे मावळे एकाच साच्यातले असतात. घरी केला की एखादा मावळा जाडा होतो, एखाद्याचा भाला हत्तीएवढा. सोऱ्यातून शेव पाडून पागोटं गुंडाळता येतं, करंजीच्या कातणाने तटबंदीला नागमोडी कड येते, मोहरीचे डोळे आणि टूथपिकचा भाला. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड काही करू नये. घोडा वगैरे करायचाच तर आत कागदाचा बोळा घालून वर कणकेची साल चढवावी. पहिला दिवस सावलीत, पुढचे तीन दिवस उन्हात, रोज पालथं घालून. ऑक्टोबरचं ऊन याच कामाचं. ओव्हन असेल तर १०० अंशांवर अडीचतीन तास. घाई करून आच वाढवली की मावळे पुरीसारखे फुगतात. आणि सोऱ्या पितळी असेल तर लगेच धुऊन पुसून ठेवा, मिठाने हिरवा पडतो. मग चकल्यांच्या दिवशी त्याला घासत बसावं लागतं. मी बसलेय.

दुसऱ्या वर्षी भाच्याच्या किल्ल्यावर माझ्या मावळ्यांनी चांगलाच घोटाळा केला. वसुबारसेला सोळा मावळे दिले, त्याने हौसेने बुरुजांवर रोवले. किल्ल्यावर त्याने अळीव पेरले होते आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होता. लक्ष्मीपूजनापर्यंत मावळ्यांचे पाय विरघळून ते गुडघ्यांवर आले, आणि प्रत्येकाच्या भोवती बांगडीएवढ्या जागेत अळीव करपलेले. मिठाचं पाणी मातीत मुरलं होतं. तेव्हापासून मावळ्यांसोबत कौलाचे किंवा फरशीचे छोटे तुकडे देते. तळपायांना वितळलेल्या मेणबत्तीचं मेण लावायचं, मावळा तुकड्यावर उभा करायचा आणि तुकडा मातीवर ठेवायचा.

किल्ल्याच्या पुडीत आणखी एक कागद असतोच: दोन चमचे अळीव. सगळ्यात स्वस्त भेट हीच. भिजवलेल्या अळिवाला बुळबुळीत आवरण येतं, त्यामुळे उतारावरही ते मातीला धरून राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड वर येतात आणि पाचव्या दिवशी किल्ल्यावर जंगल. ज्यांच्या घरी अंगण नाही त्यांनी अंड्याच्या कवचात ओला कापूस भरून त्यावर पेरावे आणि कवचावर नाक-डोळे काढावेत. केस उगवतात. मग कात्रीने ते कापता येतात, आणि कापलेले केस कोशिंबिरीत घालून खाताही येतात, एवढं सांगितलं की सात वर्षांचं मूल आठवडाभर त्यातून बाहेर येत नाही. हे खायचे असतील तर कवच आधी उकळून घ्यावं.

माझी सगळ्यात लाडकी पुडी हळदीची. पांढऱ्या शर्टावर आमटीचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला की तो लाल होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिलंय. हळदीतलं रंगद्रव्य आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत तांबडं होतं. हळदीला चुन्याचं पाणी देऊन कुंकू करतात ते याच जोरावर. या डागाचंच जादूपत्र करायचं. एक चमचा हळद पाव वाटी सॅनिटायझरमध्ये कालवायची. पाण्यात हळद नीट विरघळत नाही, सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलमध्ये रंग भरभरून उतरतो. हे काम मोठ्यांनी करायचं, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. वरचं पिवळं पाणी ब्रशने किंवा कापसाने जाड पांढऱ्या कागदावर लावायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात वाळवलं तर हळद उडते; उन्हात वाळत घातलेल्या शर्टावरचा डाग उडतो तसाच.

वाळल्यावर कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे कापायचे. पुडीत असे सहा तुकडे, एका कागदात दोन चमचे खायचा सोडा आणि चार कापूसकाड्या. मुलाने सोडा पाव वाटी पाण्यात ढवळायचा आणि काडीने लिहायचं. अक्षरं तांबूस, विटकरी उमटतात. साबणाच्या वडीचं पाणी आणखी गडद लिहितं. मग त्याच अक्षरांवर लिंबू फिरवलं की ती पुन्हा पिवळी होऊन दिसेनाशी होतात. चिठ्ठीत मी फक्त लिहायचं कसं एवढंच सांगते. लिंबाचं सांगत नाही, नुसतं एक लिंबू पुडीत टाकते. गेल्या वर्षी थोरल्या भाचीने ते शोधून काढलं आणि मग घरातल्या एकूण एक गोष्टीचं पाणी कागदावर लावून झालं: दही, चिंचेचा कोळ, टूथपेस्ट, आजोबांचं पोटदुखीचं औषध. चुन्याची डबी मात्र तिच्या हाती लागू दिली नाही. चुन्याने रंग लालभडक येतो, पण डोळ्यात गेला तर इजा होते. तो या खेळात नको.

कुंपणावर निळी गोकर्ण असेल तर तिची वाळवलेली दहाबारा फुलं हळदीच्या पुडीला जोडून द्या. गरम पाण्यात निळाशार रंग उतरतो, लिंबू पिळलं की जांभळा-गुलाबी. साखर घालून ते सरबत पिताही येतं.

सरबतावरून फसफशी पूड आठवली. आठ मोठे चमचे पिठीसाखर, दोन छोटे चमचे लिंबूसत्त्व, एक छोटा चमचा खायचा सोडा. जिभेवर चिमूट ठेवली की आंबट-गोड फेस होतो, कारण थुंकी लागताच आम्ल आणि सोडा एकमेकांना भिडतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. हे सगळं हाडासारखं कोरडं हवं: चमचा, वाटी, बाटली आणि हात. ओला चमचा लागला की गंमत बाटलीतच संपते. एका मुलाला एवढीशी बाटली पुरे; जास्त दिली तर जीभ सोलवटते.

खायच्या पुड्यांत मुलांना सर्वांत जास्त काय आवडलं सांगू? भेळ. चार दिवस चकल्या-करंज्या खाऊन ती कंटाळलेली असतात. एका डब्यात कुरमुरे, वेगवेगळ्या कागदांत शेव, भाजके दाणे, डाळं, चाट मसाला, आणि छोट्या बाटलीत घट्ट शिजवलेली चिंच-खजुराची चटणी. कांदा आणि कोथिंबीर त्यांनी आपल्या घरची घालायची. वर वर्तमानपत्राऐवजी कोऱ्या कागदाचे चार तयार द्रोण. छापील शाई ओल्या भेळेला लागू नये. दाण्यांचं मात्र प्रत्येक आईला आधी विचारावं. एखाद्या मुलाला ते चालत नाहीत.

उन्हाळ्यात वर्षाची चिंच फोडताना निघालेले चिंचोके टाकू नका. धुऊन वाळवून बरणीत भरून ठेवा. फुकटची भेट यातून होते. चार मोठे चिंचोके खरबरीत दगडावर घासून एका बाजूने पांढरे करायचे. हे अर्धं मी करते, अर्धं मुलांसाठी ठेवते, कारण घासून तापलेल्या चिंचोक्याचा शेजारच्याला चटका देणं हा या खेळाचा सर्वांत मोठा भाग आहे. जुन्या चादरीच्या हातरुमालाएवढ्या तुकड्यावर पाच गुणिले पाच घरांचा पट आखायचा आणि फुल्या मारायच्या. सोंगट्या म्हणून चार रंगांच्या डाळी नाहीतर बांगड्यांचे तुकडे असं आम्ही करायचो. आता काचा देववत नाहीत, मी रंगवलेले राजमे देते. खेळाचे नियम आजीला विचारायचे, असं चिठ्ठीत लिहावं. आमच्याकडे याला चल्लस म्हणतात, पण शेजारच्या तालुक्यात नावही वेगळं आणि नियमही वेगळे.

वयाचं भान ठेवायचं. तीन वर्षांखालच्या मुलाला चिंचोके, राजमे, दाणे, काही म्हणजे काही घशात अडकेल असं द्यायचं नाही. त्याला नुसता मळलेला गोळा, तोही मोठं माणूस शेजारी असताना. मिठाच्या कणकेचा तुकडा चाटला तर बिघडत नाही, पण गोळाच्या गोळा पोटात जाणं धोक्याचं. घरात कुत्रं असेल तर त्याच्यापासूनही तो वर ठेवा, कुत्र्यांना एवढं मीठ भोवतं.

बांधणी फार नटवू नका. चहाचे रिकामे डबे, लोणच्याच्या धुतलेल्या बरण्या आणि कागदी पुड्या. किराणा दुकानात पूर्वी बांधायचे तशी शंकूची पुडी आणि वर दोरा, हे मुलांना विकतच्या चकचकीत कागदापेक्षा अप्रूपाचं वाटतं, कारण दोरा सुटत नाही. चिठ्ठी मोठ्या अक्षरांत, तुटक वाक्यांत. जिथे गॅस किंवा गरम पाणी आहे तिथे लाल पेनाने ‘आईला हाक मार’.

तयारीला दसऱ्यापासून लागलात तर घाई होत नाही, मधे वीस दिवस मिळतात. मावळे आणि जादूपत्रं आधी, भेळ आणि रंगीत गोळा अगदी शेवटच्या दिवशी. एकाच गोष्टीला मात्र मुलाच्या घरी आठवडा लागतो, ती म्हणजे दोऱ्यावरची खडीसाखर. तिच्यासाठी जाड सुती दोरा पाकात बुडवून, साखरेत लोळवून, पूर्ण वाळवून काडीला बांधून द्यायचा. याच कणांवर पुढचे खडे चढतात. सोबत मोजलेली तीन वाट्या साखर. घरी एका वाटी पाण्यात ती मोठ्या माणसाने उकळून पूर्ण विरघळवायची. पाक भयंकर चटका देतो, तिथे मुलांचं काम नाही. कोमट झाला की काचेच्या बरणीत ओतून दोरा मधोमध सोडायचा, तळाला आणि कडेला न टेकता. वर पातळ फडकं. गार होताना पाण्याला एवढी साखर पेलत नाही, ती हळूहळू दोऱ्याला येऊन बसते. पाक जर ढवळला, हलवला, तर ती दोरा सोडून सगळीकडे बसते आणि बरणीच्या तळाशी नुसता थर होतो.

गेल्या वर्षी भाऊबीजेनंतर तीन दिवसांनी धाकट्या भाच्याचा फोन आला. ‘मामी, तू दिलेला दोरा खराब आहे. काहीच येत नाही.’ बरणी कुठे ठेवलीस? फ्रिजवर. फ्रिज थरथरतो, तिथून काढून कपाटात ठेव म्हटलं. मग विचारलं, बघतोस कसं? तर म्हणाला, काडी धरून वर काढतो. दिवसातून किती वेळा? फोनवर थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग मागून त्याच्या आईचा आवाज आला, ‘दर तासाला. आणि चाटून परत ठेवतो.’